'निमगोरी'तला 'निम' आणि 'सावळी'नंतरचा 'पण'

भाचीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे आणि बायोडेटा टाइप करायचं काम माझ्याकडे आलंय. जन्मवेळ, रास, नाडी, उंची करत करत 'वर्ण' या रकान्याशी आले. ताई म्हणाली, "निमगोरी लिही." भाची सावळी आहे, छान तुकतुकीत सावळी, आणि ती शेजारीच बसली होती. तिने विचारलं, "मावशी, निम म्हणजे काय गं?" अर्धं, असं मी सांगितलं. त्यावर ती काही बोलली नाही, उठून आत गेली.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. निमगोरी नेमकं कोणाला म्हणायचं? गव्हाळ आणि निमगोरी एकच का? आणि सावळी असं सरळ लिहायला आपण का कचरतो?

प्रतिसाद

'निम' फारसीतून आला, अर्थ अर्धा. निमसरकारी, निमशहरी हे त्याचेच भाऊ. या जोडशब्दांत मोजपट्टी कायम दुसऱ्या पदाची असते. निमशहरी गाव म्हणजे शहर व्हायला अजून थोडं कमी पडलेलं गाव. त्याच गावाला निमखेडं कुणी म्हणत नाही. तसंच निमगोरी. हा शब्द रंग सांगतच नाही, गोरेपणात किती कमी पडलं ते सांगतो. 'निमसावळी' मी आजवर ऐकलेला नाही. गव्हाळचं तसं नाही. गहू स्वतःच्या रंगाचा असतो, तो कशाचा अर्धा नाही. म्हणून तुमच्या भाचीला तो प्रश्न पडला हे मला फार बरोबर वाटतं.

आता 'गोमटा' बघा. जुन्या मराठीत गोमटं म्हणजे चांगलं, सुंदर. त्यात रंगाचा संबंध नाही. तुकोबांची 'फळे रसाळ गोमटी' आपण म्हणीसारखी वापरतो, ती फळं काही गोरी नसतात. आज मात्र हा शब्द बोलण्यात उरलाय तो जवळजवळ एकाच जोडीत, गोरागोमटा. सावळागोमटा कुणाच्या तोंडी येत नाही. सुंदर या अर्थाचा एक स्वतंत्र शब्द गोरेपणाच्या दावणीला बांधला गेला. इंग्रजीतल्या 'फेअर'चा प्रवास याच वाटेने झाला. त्याचाही जुना अर्थ सुंदर, उजळ कातडीचा हा अर्थ मागाहून चिकटला.

आणि खुद्द 'गौर' तरी कुठे एका रंगाचा? अमरकोशात तो पांढऱ्याच्या यादीत आहे आणि 'पीतो गौरो हरिद्राभः' असा हळदीच्या रंगाबरोबरही आहे. बोलीतही गोरी आणि पांढरी एक नाहीत. पांढरीफटक म्हटलं की आपण आजारपणच विचारतो.

प्रतिसाद

माझं मत थोडं कडक आहे. हे सगळे शब्द टाकून द्यावेत. माणसाच्या कातडीचा रंग लिहायचाच कशाला? 2020 साली शादी डॉट कॉमने रंगानुसार स्थळं चाळायची सोय काढून टाकली, कुणाचं काही अडलं नाही. बायोडेटात फोटो असतोच.

प्रतिसाद

रकाना काढावा हे मान्य. पण शब्द टाकून दिल्याने काय होतं तेही 2020 सालीच दिसलं. 1975 पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'तलं 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं. जाहिरातींच्या मराठीत त्याआधीपासूनच 'गोरेपणा'ची जागा 'निखार', 'तेज', 'उजळपणा' घेत होते. यातला निखार हिंदीतून आलेला. आपल्याकडे निखारा म्हणजे चुलीतला धगधगता विस्तव! शब्द बदलला, पण ऐकणाऱ्या मुलीला काय म्हणायचंय ते नीट कळतं. उलट आता तक्रारही करता येत नाही, कारण गोरं व्हा असं कुणी म्हणालेलंच नसतं.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. 'सावळी' हा शब्द निर्दोष आहे. श्यामल वरून आला, विठोबाला लाडाने लावला. दोष त्याच्यानंतर येणाऱ्या 'पण'मध्ये आहे. सावळी आहे पण नाकीडोळी नीटस. सावळी आहे पण तरतरीत. सावळी आहे पण हुशार हो! नीट ऐका, या वाक्यांत प्रत्येक गुण भरपाई म्हणून येतो. मुलगी हुशार असते ती रंगाची तूट भरून काढायला. कुणाचा रंग कसा आहे हे सांगणं म्हणजे वर्णन. पण 'पण' आला की आपण तिच्या नावावर आधी कर्ज मांडतो आणि मग तिच्या गुणांनी ते फेडून घेतो. हा अन्याय आहे, आणि तो प्रेमाने बोलणारी माणसं करतात, म्हणून त्याला उत्तर देणं अवघड जातं. माझी आजी करायची. तिचा माझ्यावर फार जीव होता.

द्रौपदीचं एक नाव कृष्णा, म्हणजे काळी. महाभारत तिला काळीही म्हणतं आणि अत्यंत रूपवतीही. ही दोन विशेषणं शेजारी शेजारी सुखाने राहू शकतात, मध्ये अव्यय लागत नाही.

प्रतिसाद

'पण'बद्दल शंभर टक्के सहमत. आम्ही विदर्भातले शेतकरी. आमच्यात 'काळी' म्हणजे कसदार जमीन आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण, जिथे पीक येत नाही. केस नि डोळे काळेभोर असले की कौतुक. त्याच शब्दाला चेहऱ्यावर आल्यावर कुट्ट जोडायचं कुणी ठरवलं?

प्रतिसाद

लावण्य राहिलंच की. तो लवणावरून आला, म्हणजे मिठावरून. हिंदीतला सलोनाही मिठाचाच. अळणी हा त्याचा उलटा, अलवण. मला ही कल्पना फार आवडते. मिठाला रंगाशी काही देणंघेणं नाही, ते असलं की पदार्थाला चव येते आणि नसलं की लगेच कळतं. ते बाटलीत भरून विकता येईल असं मला वाटत नाही.

थोडं अवांतर: लिंबलोण उतरवतात त्यातलं लोण म्हणजेच हे लवण. कडुनिंबाचा पाला आणि मीठ. लेकराच्या देखणेपणाला नजर लागू नये म्हणून मीठच ओवाळायचं. आमच्याकडे कोकणात हे सगळ्या मुलांचं करायचे, आई रंग बघून थांबायची नाही.

प्रतिसाद (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. काल ताईला आणि भाचीला हा धागा वाचून दाखवला. ताई 'कर्ज मांडतो'पाशी गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या वेळी दादांनी निमगोरीच लिहिलं होतं." मला हे माहीत नव्हतं. आम्हा दोघी बहिणींत ती सावळी आणि मी उजळ, आणि लहानपणी माझ्याबद्दल कुणी 'पण' लावल्याचं मला आठवत नाही. तिला सगळे आठवतात.

मी रकाना काढून टाकणार होते. भाचीने थांबवलं. काढला तर लोक फोनवर विचारणारच आणि मग आई पुन्हा अडखळेल, असं तिचं म्हणणं. तिने स्वतःच कीबोर्ड पुढे ओढला आणि 'वर्ण: सावळा' एवढं लिहिलं. पुढच्या ओळीत शिक्षण.

एक विचारायचं राहिलं. गोरीपानमधला 'पान' कुठला, विड्याचं पान की आणखी काही?