अनुभव धागा : गणपती दूध प्यायला, तेव्हा तुम्ही कुठे होतात?

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपक्ष चालू होता, म्हणजे देवळांत एरवी फारशी वर्दळ नसायचे दिवस. पहाटे दिल्लीतल्या एका देवळात गणपतीने चमच्यातलं दूध प्यायल्याची बातमी फुटली आणि दिवस मावळायच्या आत ती गल्लीबोळांत, खेड्यापाड्यांत, अगदी लंडनपर्यंत पोचली. देशात मोबाइल येऊन दोन महिनेही झाले नव्हते. सगळं काम एसटीडी बूथ, शेजारचा फोन आणि जिन्यातल्या हाका यांच्यावर झालं.

स्पष्टीकरणही लगेच आलं. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याच्या शास्त्रज्ञांनी दिल्लीत रंगीत दूध पाजून पाहिलं, तर मूर्तीवरून उतरणारे ओघळ दिसले. पृष्ठताण (द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो तो), केशाकर्षण (बारीक फटीतून द्रव आपोआप ओढला जातो ते) हे शब्द घरोघरी ऐकू आले. तेव्हा ‘देव आहे की नाही’ हा वाद इथे नको, तो काही संपायचा नाही. तुम्ही काय पाहिलंत, घरात काय झालं, दुसऱ्या दिवशी काय झालं, ते लिहा. भाविकांनीही मोकळेपणाने लिहा. कोणी खिल्ली उडवली तर आधी माझ्याशी गाठ आहे.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी पुण्यात वसतिगृहात होतो. संध्याकाळी मेसमध्ये कोरा चहा मिळाला. मेसवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, “देव पिऊन गेला. तुमच्यासाठी एवढाच.”

सोलापूरकर
वडिलांचं दुधाचं दुकान. दुपारी बारालाच पिशव्या संपल्या, तरी लोक रिकामी पातेली घेऊन उभे. वडील पक्के नास्तिक, पण त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. रात्री गल्ला मोजताना एवढंच म्हणाले, “असा देव महिन्यातून एकदा तरी प्यायला पाहिजे.”

पाटा-वरवंटा
मी तेव्हा नगर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होतो. शुक्रवारी वर्गात अर्धी पोरं आदल्या दिवशी पाजून आलेली, उरलेली पाजायला मिळालं नाही म्हणून रुसलेली. मी शेजारच्या घरातून वरवंटा मागवला, उभा केला, ओला केला आणि चमचा लावला. दूध गेलं. वर्ग चिडीचूप. मला वाटलं, जिंकलो. मग शेवटच्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, “गुरुजी, आमचा म्हसोबा पण असलाच दगड हाय. शेंदूर लावायच्या आधी त्यो पण वरवंटाच व्हता.”

आता काय सांगणार? तो खोडसाळपणा करत नव्हता. दगड आणि देव यांच्यात माझ्या डोक्यात जी भिंत होती, ती त्याच्या डोक्यात मुळातच नव्हती. मुख्याध्यापकांनी नंतर मला बोलावून घेतलं ते वेगळंच. त्यांचा आक्षेप विज्ञानाला नव्हता, वरवंटा विटाळल्याला होता.

गोमुख
आमचं घराणं गुरवाचं, तळकोकणातलं. त्या दिवशीचा चमत्कार आम्ही मागच्या बाजूने पाहिला. मूर्ती काळ्या पाषाणाची, त्यामुळे पांढरे ओघळ उघड दिसत होते. मी तेव्हा कॉलेजात होतो, अंगात रग होती. रांगेतल्या एकदोघांना बोट दाखवून म्हटलं, हे बघा, खाली येतंय. उत्तर आलं, “तां सांडलेला. प्यायलेला येगळा.”

रात्री गर्दी ओसरल्यावर गाभारा धुवायचं काम आम्हा भावंडांवर आलं. दूध आसनाच्या खाचेत, समईच्या बुडाशी, पन्हाळीत, सगळीकडे. आंबट वास सुटलेला आणि मुंग्यांची रांग थेट उंबऱ्यापर्यंत. बादल्यांवर बादल्या ओतल्या. मी वैतागून बाबांना म्हटलं, प्यायला ना देव? मग हे काय उपसतोय आपण? बाबा गंध उगाळत होते. मान वर न करता म्हणाले, “निवेद तरी देव खंय खाता? रोज आपणच खातंव मा?”

बाबा शिकलेले चौथी. देवाने दूध प्यायलं असं त्यांनी कुणालाही सांगितलं नाही आणि प्यायलं नाही असंही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी पूजा. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेली गोष्ट पुजाऱ्याच्या घरात कायमच माहीत असते, हे माझ्या विज्ञानवादी मित्रांना पटवून द्यायला मला फार वेळ लागतो.

नंतरचा
माझा जन्म ९८ चा. फक्त वाचतोय. चालू द्या.

टेम्सकाठी
मी लंडनमध्ये नर्स होते. साउथॉलच्या विश्व हिंदू मंदिरात दूध पितोय असं कळलं तेव्हा मी ड्यूटीवर. सुटल्यावर एका गुजराती मैत्रिणीबरोबर गेले. रांग रस्त्यावर आलेली, लोक दुकानातून प्लास्टिकचे कॅन घेऊन उभे आणि टीव्हीवाले कॅमेरे लावून. मी पाजलं. गेलं. काय वाटलं? खरं सांगू, इतक्या दूर कुणीतरी आपल्याला विसरलं नाही, असं वाटलं. त्यात देव किती आणि घरची आठवण किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात सगळ्यांनी चेष्टा केली. एक आयरिश सिस्टर तेवढी गप्प होती. चहाच्या वेळी तिने बॅलिनस्पिटलची गोष्ट सांगितली. कॉर्क परगण्यातलं खेडं, १९८५ चा उन्हाळा. तिथली मेरीची मूर्ती हलताना लोकांनी पाहिली आणि मग बसगाड्या भरभरून माणसं येऊ लागली. पुढे कॉर्कच्या विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलं की संधिप्रकाशात एका जागी टक लावून पाहिलं की स्थिर वस्तूही हलल्यासारखी दिसते. तिची आई तिथे गेली होती. मी विचारलं, मूर्ती हलली? ती म्हणाली, आईसाठी हलली.

कार्यकर्ता
अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ऐन तरुणपणी पडलो. महाराष्ट्र अंनिस, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समिती, १९८९ ची, म्हणजे हा प्रकार झाला तेव्हा आमच्या पाठीशी पाच-सहा वर्षांचं काम होतं. भोंदू बाबा, भानामती, करणी, अंगात येणं, सगळं पाहून झालेलं. त्या गुरुवारी आम्ही पार गोंधळलो. एरवी प्रकरणात एक बुवा असतो, त्याचा एजंट असतो, पैसा असतो, फसलेली बाई असते. कुणाला धरायचं ते कळतं. इथे आरोपीच नाही! देवळाने पैसे मागितले नाहीत, कुणी हातचलाखी केली नाही, चमचा ज्याचा त्याच्या हातात.

आणि लोकांनी नेमकं तेच केलं जे आम्ही गावोगाव सांगत होतो. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः करून पाहा. त्यांनी करून पाहिलं. हातातलं दूध खरंच कमी झालं. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं, प्रयोग पुन्हा पुन्हा करता येण्यासारखा होता. फक्त दूध गेलं कुठे, हा पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. आम्हीही चौकात चमचे घेऊन उभं राहण्याच्या नादात तो विचारायला शिकवलं नाही, उत्तर तेवढं सांगत सुटलो.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात अंनिसचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आला. तो कायदा नरबळी, अघोरी उपचार, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण यांच्यासाठी आहे. चमचाभर दूध पाजणारी माणसं त्यात कुठेच बसत नाहीत आणि बसूही नयेत.

गोदाकाठ
मी बीएस्सी, भौतिकशास्त्र. केशिकानळीचा प्रयोग प्रॅक्टिकलला केलेला. त्या दिवशी नाशिकला सासूबाईंबरोबर गेले, पाजलं, हात जोडले. स्पष्टीकरण ऐकून मला राग आला नाही, आश्चर्यही वाटलं नाही. राग येतो तो “तुम्ही एवढ्या शिकलेल्या असून” या वाक्याचा. शिकलेल्या बाईने हात जोडायला कुणाची परवानगी काढायची?

पाटा-वरवंटा
ताई, क्षण खरा आणि निष्कर्ष चुकीचा, असं असू शकतं ना?

गोदाकाठ
गुरुजी, निष्कर्ष मी काढलाच नाही. नुसते हात जोडले.

वस्तीवरचा
लिहू की नको असं झालं होतं. आमचं गाव मराठवाड्यात. महादेवाच्या देवळात आम्हाला पारापर्यंत मुभा, आत नाही. कायदा सांगू नका. अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदाही होता आणि गाभाराही होता.

त्या दिवशी दुपारी गाव देवळात लोटलं. महादेवाशेजारचा गणपती पितोय, नंदीही पितोय म्हणे. पुजारी भांबावलेला, ढकलाढकली, कोण कुठला हे बघायला कुणाला वेळ नाही. माझी आई वाटीत शेळीचं दूध घेऊन गेली. मी तिच्या लुगड्याला धरून मागे. आम्ही थेट आत गेलो. कुणी हटकलं नाही. आईने स्वतःच्या हाताने चमचा सोंडेला लावला. शेजारी पाटलांची सून उभी होती, तिचा पदर आईच्या खांद्याला लागत होता.

घरी बाबासाहेबांचा फोटो. वडील चळवळीतले, आईने स्वतः बावीस प्रतिज्ञा म्हटलेल्या, त्यात गौरी-गणपतीला देव मानणार नाही ही प्रतिज्ञा. वडील रात्री जेवले नाहीत. म्हणाले, “कशापायी गेलीस?” आई भाकरी थापत म्हणाली, “देव बघाया नव्हते गेले. गाभारा बघाया गेले. अंधारच हाय की तिथं नुसता.”

दुसऱ्या दिवशी देवळाच्या दारात आम्हाला अडवणारी दोरी पुन्हा बांधली होती. केशाकर्षणावर पेपरात रकाने भरून आले. दोरीवर कुणी काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

धागाकर्ता
यावर काय लिहू? थोडं थांबतो. बाकीच्यांनी लिहा.

इर्ला
हिंदूंचंच का काढता, असं कुणी म्हणायच्या आत लिहितो. मी जवळच राहतो. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या वेलंकणी चर्चजवळच्या क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. लोक ते बाटल्यांत भरून नेत होते, पीत होते. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू आले, त्यांनी तुंबलेल्या नाल्याचं पाणी भिंतीतून वर चढतंय हे दाखवलं. पुन्हा केशाकर्षणच! त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावं लागलं.

आणि २००६ चा ऑगस्ट आठवतोय का? माहीमला समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक तोंड लावून पीत होते. पावसाळ्यात मिठी नदीचं गोडं पाणी खाडीत येतं, वजनाला हलकं म्हणून वर तरंगतं. सोबत मुंबईची घाणही येते. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच मूर्ती पुन्हा दूध प्यायल्या. चमचाभर दुधाने कुणाचं काही बिघडत नाही, पण मिठीचं पाणी लहान मुलांना पाजणं हे मला हसण्यावारी नेता येत नाही.

उरलेला चमचा
सगळ्यांचा गणपती प्यायला. माझा नाही प्यायला.

मी तेरा वर्षांची. वाड्यात आत्या, चुलत बहिणी, सगळ्यांनी घरच्या पितळी गणपतीला पाजलं. माझी पाळी आली होती आणि मी ती कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगितलं असतं तर बाहेर बसावं लागलं असतं. माझी पाळी आली... म्हणजे चमच्याची. हसू नका, आता मलाही येतं. मी अर्धाच चमचा भरला, सांडू नये म्हणून. सोंडेला लावला. दूध तिथेच. हात थरथरायला लागला तरी तिथेच. आजी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “काहीतरी विटाळ आहे.” मी रडत सांगून टाकलं. मग आंघोळ, मग कोपरा आणि सगळ्या वाड्याला कळलं ते वेगळंच.

लग्नानंतरही कित्येक वर्षं मी गणपतीच्या मूर्तीला हात लावायला बिचकायचे. डॉक्टर आहे मी. पेशंटना पाळीबद्दल मीच समजावते.

पाटा-वरवंटा
ताई, तुमचं उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. चमचा काठोकाठ भरला की दूध काठाच्या वर किंचित फुगून राहतं. तो फुगवटा ओल्या मूर्तीला टेकतो, मूर्तीवर पसरतो, एकदा पातळ धार लागली की बाकीचं वजनाने खाली उतरतं. आपलाही हात नकळत कलतो. चमचा अर्धाच असेल तर दूध मूर्तीला टेकतच नाही. तुम्ही सांडू नये म्हणून जपलंत, एवढंच झालं. वाड्यात त्या दिवशी सगळ्यात नीट चमचा तुम्ही धरला होता.

उरलेला चमचा
गुरुजी, हे मला कळायला हवं होतं, मी विचारच केला नाही. दोन वर्षांनी आम्हाला शाळेत पृष्ठताण शिकवला. बाईंनी पाण्यावर सुई तरंगवून दाखवली, परीक्षेत व्याख्या आली, मी पूर्ण मार्क मिळवले. त्या गुरुवारचं नाव बाईंनी काढलं नाही, आणि आमच्यापैकी कुणी विचारलंही नाही.