होमलँडर (कॉमिकमधला) खरंच वेडा झाला होता का? स्पॉयलर आहेत

कागदी_विमान

आधीच सांगतो, अगदी शेवटापर्यंतचे स्पॉयलर आहेत. ज्यांना 'द बॉइज'चं कॉमिक अजून वाचायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर मला शिव्या घालू नका.

मी उलट्या वाटेने आलो, आधी सिरीज आणि मग कॉमिक. २००६ ते २०१२ मधले सगळे ७२ अंक तीन आठवड्यांत संपवले आणि आता डोक्यात एकच किडा वळवळतोय. होमलँडर, म्हणजे सेव्हन या सुपरहिरो टोळीचा म्होरक्या, हा माणूस नक्की बिघडला कधी? सिरीजमध्ये तो आपल्या डोळ्यांदेखत सुटत जातो. कॉमिकमध्ये मात्र कितीतरी अंक तो जवळजवळ पोस्टरच आहे, झेंड्याचा केप, सोनेरी केस, दात दाखवणारं हसू, बास. मग ते फोटो येतात. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, फोटोत होमलँडर लहान मुलांसकट लोकांना मारतोय आणि आणखीही बरंच काही करतोय जे इथे लिहवत नाही, आणि त्याला स्वतःला यातलं काहीच आठवत नाही. तो आरशासमोर उभा राहून स्वतःशी बोलायला लागतो, त्याला मळमळतं, आणि शेवटी तो मनाशी ठरवून टाकतो की हे आपणच केलंय, आपलं डोकं फिरलंय, आणि एवढं सगळं करून झालंच आहे तर आता हात आखडायचा कशाला.

आणि मग साठीच्या आसपासच्या अंकांमध्ये, सुपरहिरोंची फौज व्हाइट हाउसवर नेल्यावर, राष्ट्राध्यक्षाला मारून झाल्यावर, सेव्हनमधलाच ब्लॅक नॉयर मुखवटा काढतो आणि आत होमलँडरचाच चेहरा. क्लोन. सुपरहिरो बनवणाऱ्या व्हॉट कंपनीने बनवून ठेवलेला, होमलँडर हाताबाहेर गेला तर त्याला संपवायला. ते फोटोतले सगळे धंदे नॉयरचे.

आता माझा प्रश्न. त्याची स्मृती गेली नव्हती, कारण आठवायला काही नव्हतंच. म्हणजे आजार नव्हता. पण आपल्याला आजार आहे असं समजून तो जे वागला ते तर खरं होतं ना? की अर्धा दोष नॉयरच्या खात्यात टाकायचा? मला ते पटत नाहीये पण खोडताही येत नाहीये. कोणीतरी मदत करा.

शाईचा_डाग

अहो कसला अर्धा दोष. सुरुवातीचे अंक परत काढा. नवी सुपरहिरोईन ॲनी सेव्हनमध्ये येते तो पहिला दिवस आठवतोय का? तिच्यावर जी जबरदस्ती होते त्यात नॉयर आहे, ए-ट्रेन आहे, आणि होमलँडरही आहे, स्वतःच्या पायावर उभा, पूर्ण शुद्धीत. तिथे कुठला फोटो आला होता मध्ये?

आणि ते विमान. सेव्हन मोठ्या ऐटीत विमान वाचवायला जातात, तयारी शून्य, सराव शून्य, काय करायचं हेच कोणाला माहीत नाही, आणि विमान जाऊन ब्रुकलिन ब्रिजवर आदळतं. मला विचाराल तर त्याचा खरा स्वभाव त्या प्रसंगातच कळतो. आपण उडतो, आपल्याला गोळी लागत नाही, म्हणजे आपल्याला सगळं जमतंच, हा जो समज आहे ना त्यातूनच माणसं मेली. दुष्टपणा त्याच्यापुढे नंतरची गोष्ट.

आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला. मद्य नॉयरने पाजलं हे कबूल, पण मर्कट कोणी केलं?

सिरीजवाला

मला तर कॉमिकमधला तो क्लोनचा ट्विस्ट पळवाट वाटली, सॉरी. सिरीजवाल्यांनी तो उडवला ते बरंच केलं. तिसऱ्या सीझनचा शेवट आठवा, २०२२ चा, भर रस्त्यात सगळ्यांसमोर तो एका माणसाला डोळ्यांतून लेझर मारून संपवतो, क्षणभर सन्नाटा, आणि मग गर्दी टाळ्या वाजवते!! आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हळूहळू उमटत जातं, होमलँडर साकारणाऱ्या अँटनी स्टारला तेवढ्या एका शॉटसाठी सलाम. तिथे कोणी फसवलं नाही त्याला, लोकांनीच सांगितलं की चालतंय की. फोटोंपेक्षा टाळ्या जास्त भयानक आहेत.

मधली_पट्टी

सिरीजवाला, टाळ्यांचा मुद्दा भारी आहे पण पळवाट वगैरे अजिबात नाही. मला तो ट्विस्ट दुसऱ्यांदा वाचताना कळला आणि तेव्हापासून मी यावर लिहीन लिहीन म्हणत होतो, तर आता सुटका नाही, थोडं लांबेल.

असं बघा. तुमच्यासमोर कोणी तुमचा खून करतानाचा फोटो टाकला आणि तुम्ही तो केलेला नाहीये हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, तर तुम्ही पहिल्यांदा काय म्हणाल? हा मी नाही. फोटो खोटा आहे, किंवा माझ्यासारखा दिसणारा दुसरा कोणी आहे. साधा माणूस आधी हेच म्हणेल. आणि हा तर अशा जगात राहतो जिथे कंपनी बाटलीतल्या औषधातून उडणारी माणसं बनवते, जिथे तो स्वतः प्रयोगशाळेतून बाहेर आलाय. त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार की शरीर बनवता येतं? आणि तरीही त्याच्या मनात एकदाही येत नाही की आपल्यासारखा आणखी एक असू शकेल. आपण वेडे झालो हे त्याला चालतं, आपण पोरांना मारणारे राक्षस आहोत हेही चालतं. पण आपण एकमेव नाही, आपली कॉपी निघू शकते, हे त्याच्या डोक्यात शिरूच शकत नाही.

म्हणून ती युक्ती चालली. नॉयर फार हुशार होता म्हणून नाही. दुसऱ्या कोणावर ती चाललीच नसती, सुपरहिरोंच्या मागे लागलेल्या बॉइज टोळीच्या म्होरक्याला, बुचरला, असले फोटो दाखवले असते तर त्याने आधी पाठवणाऱ्याला शोधून काढलं असतं. होमलँडरने पाठवणाऱ्याचा विचारच केला नाही, तो फोटोतल्या स्वतःकडेच बघत बसला. हे वाक्य लिहिताना मला स्वतःलाच हसू येतंय पण खरंच तसं आहे, तो फोटोही आरशासारखाच बघतो.

आणि नॉयर इतके अंक त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलाय! बैठकीला असतो, मोहिमेला असतो, तोंड झाकलेलं, बोलत नाही. तोंड झाकलेल्या सहकाऱ्याबद्दल ज्याला इतक्या वर्षांत कुतूहल वाटलं नाही तो माणूस किती स्वतःत बुडालेला असेल.

त्यामुळे कागदी_विमान, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की मानसिक घसरण आणि नैतिक घसरण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच इथे. दोन्हीचं मूळ तो गर्व आहे. फोटोंनी तो वेडा झाला नाही. आपण वेडे आहोत यावर त्याने विश्वास ठेवला कारण दुसरी शक्यता त्याच्या अहंकाराला परवडत नव्हती, आणि एकदा वेडेपणाचं सर्टिफिकेट हातात आल्यावर ते त्याने वापरलं. वापरलं हा शब्द मुद्दाम लिहिलाय.

पॅनेलबाहेर

वरच्या प्रतिसादाला दंडवत. दोन गोष्टी जोडतो.

पहिली किरकोळ, याला अँटिहिरो म्हणायचं का यावर मारामारी होऊ शकते. मी म्हणेन अँटिहिरो बुचर आहे, होमलँडर हा हिरोचा पोशाख घातलेला खलनायक. असो.

दुसरी महत्त्वाची. डीसी कॉमिक्समधल्या ग्रीन लँटर्नची, हॅल जॉर्डनची, गोष्ट शेजारी ठेवून बघा. १९९३ मध्ये त्याचं कोस्ट सिटी उद्ध्वस्त होतं, १९९४ मध्ये 'एमराल्ड ट्वायलाइट'मध्ये तो शोकाने बिथरतो, आपल्याच ग्रीन लँटर्न साथीदारांना आडवं करत जातो, अंगठ्या काढून घेतो आणि पॅरलॅक्स नावाचा खलनायक बनतो. तेव्हा वाचकांनी केवढा दंगा केला होता. मग २००४ मध्ये सुरू झालेल्या 'रिबर्थ'मध्ये जेफ जॉन्सने काय केलं, तर पॅरलॅक्स हा भीतीवर जगणारा एक वेगळाच जीव आहे आणि तो हॅलच्या अंगात शिरला होता असं दाखवलं. कानशिलावरचे पांढरे केससुद्धा त्याच्याच नावावर. म्हणजे माणूस धुवून स्वच्छ, कारण अंगात आलं होतं.

'द बॉइज'चा लेखक गार्थ एनिस, त्याने नेमकं उलट केलंय. तोही बाहेरचा माणूस आणतो, तोही सांगतो की ते भयानक कृत्य याने केलं नव्हतं. पण त्याने होमलँडर सुटत नाही, जास्तच अडकतो, कारण आता लक्षात येतं की व्हाइट हाउसमध्ये जे रक्त सांडलंय ते मात्र शंभर टक्के त्याचं स्वतःचं काम आहे. हॅलच्या गोष्टीत खुलाशाने पाप हलकं होतं आणि इथे खुलासा निमित्तच काढून घेतो. सुपरहिरो एनिसला फारसे आवडत नाहीत हे त्याने कधी लपवलं नाही, त्यामुळे बऱ्याचदा तो नुसताच घाण फेकत बसतो ('हेरोगॅझम' या जोड-मालिकेबद्दल मी काही बोलत नाही), पण हा एक डाव त्याने फार थंड डोक्याने रचलाय.

आणि चित्रांमधला होमलँडरचा चेहरा बघा कधीतरी नीट. सुरुवातीला तो चेहरा कुठल्याही कोनातून छापील फोटोसारखा दिसतो. नंतर आरशाच्या प्रसंगांत तोच चेहरा सैल होत जातो, जबडा, डोळ्यांखालची कातडी. रंगरूपाची एवढी घमेंड असलेल्या माणसाची शिक्षा चित्रांनी तिथेच सुरू केली.

उशिरा_आलेला

मी जरा विरुद्ध बाजूने बोलतो, कारण इथे सगळ्यांनी मिळून त्याला फासावर चढवलाय.

जन्मतःच आई गेलेली, लहानपण प्रयोगशाळेत, शेजारी हायड्रोजन बॉम्ब लावून ठेवलेला, का तर पोरगं बिथरलं तर सगळंच उडवता यावं. बाहेर लोकांना सांगितलेली जन्मकथा खोटी. त्याचे पराक्रम छापणारी कॉमिक्स आहेत त्या जगात, कंपनीच्या पैशावर निघणारी, तीही खोटी, ती कशी रचली जायची ते ती लिहिणारा म्हातारा लेजंड स्वतः बॉइजमधल्या ह्यूईला सांगतो. मग गर्व गर्व काय करताय, त्या माणसाकडे गर्वाशिवाय दिलं काय होतं कोणी? स्वतःबद्दलची एकही खरी गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नाही. अशा माणसाला फोटो दाखवून सांगितलं की हा तू आहेस, तर तो मानणारच. आयुष्यभर तो कोण आहे हे त्याला चित्रांतूनच तर सांगितलं गेलं.

आणि एक. व्हॉटचा तो सूटवाला, स्टिलवेल, त्याच्यासमोर होमलँडर कसा होतो ते बघा. डोळ्यांनी माणूस जाळू शकणारा प्राणी आणि समोर एक टाय लावलेला साधा माणूस, ज्याला अजिबात भीती वाटत नाही. होमलँडर गोंधळतो, चिडचिड करतो, मोठ्यांनी लक्ष दिलं नाही की मूल करतं तसा. मला तिथे त्याची कीव आली. कीव आली म्हणजे माफ केलं असं नाही हं, लगेच धावून येऊ नका.

शाईचा_डाग

धावून नाही आलो, चालत आलोय. कीव मलाही येते. पण प्रयोगशाळेतून आलेला आणखी एक जण असाच आहे ना गोष्टीत? नॉयर. त्याला तर एकच काम दिलं होतं, आदेश आला की होमलँडरला मार, आणि तो आदेश कधीच येत नाही. वाट बघून बघून तो सडला, आणि शेवटी आदेश यावा म्हणून त्याने होमलँडरलाच बिघडवायला घेतलं. दोघांचं रक्त एक, कारखाना एक. एक कौतुकाने नासला, एक कोणी ओळखलंच नाही म्हणून नासला. मग दोष एकट्या गर्वाचा कसा?

मधली_पट्टी

हा प्रश्न अवघड टाकलात राव. नॉयरचा मी एवढा विचार केला नव्हता. पण तरी, नॉयरलाही गर्वच म्हणा की, आपण ज्या एका कामासाठी बनलो ते आपल्याला मिळालंच पाहिजे हा हट्ट. त्यापायी निरपराध माणसं मारली त्याने, बुचरच्या बायकोचं जे झालं तेही त्याचंच. आणि शेवटी होमलँडरला फाडून टाकतो तेही तो हट्ट पुरवायलाच.

सिरीजवाला

ओके, एवढं वाचून मी कॉमिक परत काढतोय. पळवाट हा शब्द तूर्तास मागे घेतो, तूर्तास.

कागदी_विमान

सगळ्यांचे आभार, एवढे मोठे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

मधली_पट्टीचा मुद्दा वाचून मी काल रात्री व्हाइट हाउसचा प्रसंग परत उघडला. आधी वाचताना मी नॉयरचा चेहरा उघडा पडतो तिथे थबकलो होतो, अरे बापरे क्लोन, म्हणून पुढची पानं भराभर उलटली. या वेळी फक्त होमलँडरकडे बघत वाचलं. इतके अंक ज्या गोष्टीने त्याला आतून खाल्लं ती त्याने केलीच नव्हती हे त्याला कळतं. दुसरा कोणी असता तर मला वाटतं आधी बाहेर जे चाललंय ते थांबवायला धावला असता, निदान त्या रक्ताकडे एकदा बघितलं तरी असतं. हा सरळ नॉयरच्या अंगावर जातो. त्या खोलीत समोर स्वतःचाच चेहरा आहे आणि त्याला तोच फोडायचाय.

उशिरा_आलेला, तुमचा बॉम्बवाला मुद्दा मात्र मला अजून सोडत नाहीये. त्यावर नंतर लिहितो, आधी पहिले दहा अंक परत वाचू दे, या वेळी नॉयर कुठे कुठे बसलाय ते बघत.