कंडक्टिंगमधे मास्टर्स करायचंय, म्युझिकची डिग्री नाही. सुरुवात कुठून करू?

वसईचा_व्हायोलिन:
नमस्कार मंडळी. मी वसईचा, बी.कॉम. झालंय, व्हायोलिनची ट्रिनिटी परीक्षेची आठवी ग्रेड, पियानो त्यामानाने कच्चा. आमच्या चर्चचा क्वायर मीच बसवतो, मराठी मिस्साची गाणी चार आवाजांत लिहूनही देतो. ऑर्केस्ट्रा कंडक्टिंग, म्हणजे वाद्यवृंदाचं संचालन, शिकायचं हे मनात पक्कं आहे, पण कुठलीही वेबसाइट उघडली की आधी व्हिडिओ पाठवा म्हणतात, आता वसईत ऑर्केस्ट्रा आणू कुठून? बाबा म्हणतात बी.कॉम.वर कोण घेणार. अमेरिका की जर्मनी? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

अल्टो_ताई:
मी अमेरिकेत कोरल कंडक्टिंगचं, म्हणजे क्वायरच्या संचालनाचं, मास्टर्स करतेय. बऱ्याच ठिकाणी म्युझिकचीच बॅचलर्स लागते पण सगळीकडे नाही, काही जण कुठलीही डिग्री चालवून घेतात आणि ऑडिशनवर ठरवतात, मग आत गेल्यावर थिअरी-हिस्टरीची प्लेसमेंट टेस्ट होते आणि कमी पडलास तर जादा कोर्स करावे लागतात. अ‍ॅडमिशन ऑफिसला आधी सरळ मेल टाक. डेडलाइन खूप ठिकाणी १ डिसेंबरच्या आसपास असते, म्हणजे व्हिडिओ दिवाळीच्या आत तयार हवा.

कॅमेरा वादकांच्या बाजूला ठेव. तुझा चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, प्रेक्षकांतून काढलेला पाठमोरा व्हिडिओ कामाचा नाही. रिहर्सलचा तुकडा जरूर घाल, कारण चुकलेलं तुला ऐकू येतं का आणि ते न रागावता दोन वाक्यांत कसं सुधारून घेतोस हेच त्यांना बघायचं असतं.

आणि माझं ऐकशील तर कोरललाही अप्लाय कर, क्वायर तर तुझ्या हातात आहेच. येल स्कूल ऑफ म्युझिकमधे कोणालाच ट्यूशन फी नाही, आणि तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सेक्रेड म्युझिकमार्फत कोरल कंडक्टिंग करता येतं. जागा अगदी मोजक्या असतात, तरी तू अर्ज न करणं मला पटणार नाही.

राइनकाठचा:
ताईंचं व्हिडिओबद्दलचं शंभर टक्के बरोबर, कोरलबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ज्याचा जीव ऑर्केस्ट्रात आहे त्याने तिकडेच जावं, कोरल हे पूर्ण वेगळं शिक्षण आहे, मागचं दार नव्हे.

ऑर्केस्ट्रा नाही म्हणून अडू नकोस. इथे जर्मनीतसुद्धा रोजचे क्लास दोन पियानोंवर चालतात, अख्खा ऑर्केस्ट्रा अधूनमधून मिळतो. तू चार-पाच स्ट्रिंग्ज आणि एक पियानो जमव आणि बेथोव्हनची पाचवी सिम्फनी घे. पहिल्या बारची (मात्रांच्या पहिल्या गटाची) सुरुवातच रेस्टने, म्हणजे विरामाने होते, म्हणजे तुझा ठोका शांततेवर पडतो आणि त्यानंतर सगळ्यांनी एकत्र यायचं असतं, तुझ्या उचललेल्या हातात लय स्पष्ट नसेल तर पाच जणसुद्धा पाच वेळा येतात. लगेच पुढे फर्माटा, म्हणजे लांबवून धरायचा सूर, तो किती धरायचा, कसा सोडायचा, सोडतानाच पुढची एन्ट्री कशी द्यायची! एवढ्या पाच बारांत कळतं की माणूस तयार आहे की नाही.

पण जर्मनीत पियानो कच्चा चालत नाही. प्रवेश परीक्षेत ऑपेराचा पियानो स्कोअर (पियानोसाठी लिहिलेली स्वरलिपी) वाजवत गायकांच्या ओळी स्वतः गायला लावतात, कारण इथला जुना रस्ताच तसा आहे, आधी ऑपेरा हाऊसमधे गायकांची तयारी करून घ्यायची, कंडक्टिंग नंतर. शिवाय जर्मन भाषा हवी. फी राज्यावर अवलंबून आहे, बाडेन-व्युर्टेमबर्गमधे म्हणजे स्टुटगार्ट, फ्रायबुर्ग, मानहाइमला आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमधे (यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे ते वेगळेच.

चर्चगेट_लोकल:
अजून एक, वाजवणं सोडू नकोस. झुबिन मेहता १९५४ साली मुंबईहून व्हिएन्नाला गेले, हान्स स्वारोव्स्कींकडे कंडक्टिंग शिकले, पण तिथे डबल बासही वाजवत होते आणि मोठे कंडक्टर रिहर्सल कशी घेतात ते जवळून बघता यावं म्हणून सहविद्यार्थी क्लाउडिओ अब्बाडोंबरोबर कोरसमधे गायला उभे राहिले. तू वसईहून एनसीपीएला, म्हणजे नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात, येऊ शकतोस, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा सीझन असला की आदल्या आठवड्यात स्कोअर वाचून ये. जुने स्कोअर आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट आहेत.

वसईचा_व्हायोलिन:
मनापासून थँक्स सगळ्यांना. बाबांना वाचून दाखवलं. राइनकाठचे दादा, पियानो आणि स्कोअर वाचणं एकदमच कसं सुधारू?

राइनकाठचा:
बाखचे कोराल, म्हणजे चार आवाजांतली चर्चची गाणी, चार वेगळ्या ओळींवर लिहिलेले घे आणि रोज एक हळू वाजव, एक आवाज तोंडाने गात, उरलेले तीन हातांनी, दुसऱ्या दिवशी गायचा आवाज बदल. क्वायरवाला आहेस, जमेल. मग हायडनची क्वार्टेट्स, तिथे व्हियोलाचा अल्टो क्लेफ (स्वर कुठल्या रेषेवर ते सांगणारी खूण) अंगवळणी पडतो. त्यानंतर पाचवीच्या पहिल्या मूव्हमेंटमधले बी फ्लॅट क्लॅरिनेट आणि ई फ्लॅट हॉर्न फक्त, बाकी काही नाही, खऱ्या सुरात वाजव, कारण ही वाद्यं लिहिलेल्या सुरापेक्षा वेगळ्या सुरात वाजतात. घाई करू नकोस, पण एक दिवसही चुकवू नकोस.