गरोदरपणात एचआयव्हीच्या गोळ्या कधी घ्यायच्या, हेही सांगा
‘एचआयव्ही असली की दिवस राहत नाहीत, राहिले तरी बाळाला होणारच’ असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय. पहिलं थोडंफार खरं. उपचार नसतील तर वजन घटतं, पाळी बिघडते, त्यात टीबी गर्भनलिकेपर्यंत पोचला तर दिवस राहणं अवघडच. दुसरं मात्र पार चुकीचं. काहीच उपचार नसतानाही 100 पैकी 15 ते 45 बाळांना लागण होते. आईच्या गोळ्या नीट चालू असल्या तर 5 हूनही कमी.

पण गोळ्या ‘नीट’ म्हणजे कशा, ते इथे कुणीच बोललं नाही. सध्याच्या एआरटी गोळीत (म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळीत) डोल्युटेग्राविर नावाचं औषध असतं. गरोदरपणातल्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबर ते उपाशीपोटी घेतलं तर अंगी कमी लागतं. आपल्या सोलापुरात पूर्व भागातल्या विडी कामगार बायका सकाळी माल द्यायच्या घाईत नुसत्या चहावर सगळ्या गोळ्या एकदम घेऊन मोकळ्या होतात. (भाकरी खायला वेळ कुणाला असतो?) जेवणासोबत एआरटीची गोळी लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर चालते. उपाशीपोटी घ्यायच्या तर एआरटीची गोळी लोह-कॅल्शियमच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनी. एआरटी केंद्रातल्या समुपदेशक ताईंकडून आपल्या कामाच्या वेळेप्रमाणे लिहूनच घ्यावं. आणि हो, गोळ्या कशासाठी घेता ते कारखान्यात सांगायची सक्ती नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार मालक एचआयव्ही असल्याचं उघड करायला भाग पाडू शकत नाही.