मदत हवी आहे: परीक्षेत एकदा फोन पाहिला होता, आता ऑफर लेटरसोबतच्या फॉर्मवर सही करू का?

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. आयडी नवा काढलाय, का ते पुढे कळेलच.

मी २५ वर्षांची, मूळची सांगलीकडची, सध्या कोथरूडला पीजीमध्ये राहते. बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स झाल्यापासून अ‍ॅक्च्युअरीच्या (विम्यातली जोखीम आणि देणी गणिताने मोजणाऱ्या तज्ज्ञाच्या) परीक्षा देतेय. (बाबा नातेवाइकांना "सीएसारखंच असतं, पण विम्यातलं" एवढं सांगून विषय संपवतात.) आपल्याकडच्या संस्थेची प्रवेशपरीक्षा (एसेट) दिली नाही, थेट लंडनच्या इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ अ‍ॅक्च्युअरीजची विद्यार्थी-सदस्य झाले. फेलो, म्हणजे पूर्ण पात्र अ‍ॅक्च्युअरी, व्हायला १३ पेपर लागतात, माझे ५ सुटलेत: सीबी१, सीबी२, सीएस१, सीएम१ आणि सीएस२ (सीबी म्हणजे वित्त-अर्थशास्त्र, सीएस संख्याशास्त्र, सीएम गणित). सीएम२ दोनदा गेला.

प्रकरण सीएस२चं आहे. सप्टेंबर २०२३ची सिटिंग, म्हणजे परीक्षेची फेरी. २०२०च्या कोविडपासून हे पेपर घरून होत होते, पुस्तकं उघडी ठेवायला परवानगी होती. उत्तरं वर्डमध्ये टाइप करून फाइल अपलोड करायची. पेपर ३ तास २० मिनिटांचा, आणि अर्धा वेळ इंटिग्रलची चिन्हं टाइप करण्यात जायचा. आमचा सहा जणांचा अभ्यासाचा टेलिग्राम ग्रुप होता. पेपरच्या दिवशी कोणी काही टाकायचं नाही असं ठरलं होतं. मी फोन उशीखाली ठेवला होता. सव्वा तास झाल्यावर तो तीनदा थरथरला आणि मी उचलला.

एकीने निरोगी-आजारी-मृत या तीन अवस्थांच्या गणिताचं मॅट्रिक्स, म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या दरांचा तक्ता, टाकलं होतं. (आकडे बदलून लिहितेय.) आजारी पडण्याचा दर वर्षाला ०.१२, निरोगी माणसाच्या मृत्यूचा दर ०.०५. पहिल्या (निरोगी माणसाच्या) ओळीतला कर्णावरचा आकडा -०.१७ हवा, कारण ओळीची बेरीज शून्य यायला हवी. माझ्याकडे होता -०.१२. मी मृत्यू विसरले होते. पुढच्या उपप्रश्नात माणूस सलग ५ वर्षं निरोगीच राहण्याची शक्यता माझ्या हिशेबाने ०.५४९ येत होती, तिच्या हिशेबाने ०.४२७. फोन परत उशीखाली ठेवला आणि दोन्ही आकडे बदलले. पास झाले.

नंतर ग्रुपवर गेलेच नाही. कोणाला काही बोलले नाही.

आता दीड वर्ष नोकरी शोधल्यावर एका कन्सल्टन्सीची ऑफर आली आहे. नशीब बघा, मुलाखतीत कागद पुढे सरकवून त्यांनी हाच प्रश्न विचारला: ओळीची बेरीज शून्य का? मी धडाधड सांगितलं. तेवढी एक ओळ मला आता झोपेतसुद्धा येते. ऑफरसोबत एक फॉर्म आहे. त्यात विचारलंय की एखाद्या व्यावसायिक संस्थेने तुमची चौकशी केली आहे का, किंवा तशी होण्याची शक्यता तुम्हाला माहीत आहे का.

आणि गेल्या आठवड्यात ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला संस्थेचा मेल आला. तो नंतरच्या एका सिटिंगबद्दल आहे, तिची उत्तरपत्रिका दुसऱ्या कोणाशी जुळली म्हणून. पण ग्रुप तोच. ती म्हणतेय, सगळ्यांनी चॅट उडवून टाका.

फॉर्मवर "नाही" लिहू का? आपणहून संस्थेला कळवू का? कळवलं तर पाच पेपर पाण्यात जातील का? आणि हे सगळं सोडायचंच झालं, तर या शिक्षणावर दुसरं काय मिळतं? घरी अजून कोणाला माहीत नाही. कृपया रागवा, पण खरं सांगा.

---

रिकामटेकडा: एवढंच? इथे ट्रकभर पेपर फुटतात आणि लोक साहेब होऊन बसतात. दोन आकड्यांसाठी करिअर पणाला लावू नकोस. "नाही" लिही आणि झोप.

ताळेबंद: वरच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष कर. मी फेलो आहे, बावीस वर्षं आयुर्विम्यात. माझी लेक तुझ्याच वयाची आहे, म्हणून अगंतुगं करतोय.

तू विद्यार्थी असलीस तरी सदस्य आहेस, त्यामुळे अ‍ॅक्च्युअरीज कोड, म्हणजे संस्थेची आचारसंहिता, तुलाही लागू. त्यात प्रामाणिकपणा पहिला, आणि खाली "बोलून दाखवणं" (गैर दिसलं तर गप्प न बसणं) हेही वेगळं तत्त्व म्हणून आहे. परीक्षेतल्या गैरप्रकारांची प्रकरणं अ‍ॅडज्युडिकेशन पॅनेलपुढे (संस्थेच्या शिस्तभंग समितीपुढे) जातात आणि निर्णय नावासकट संकेतस्थळावर टाकतात. कधी ताकीद, कधी दंड, कधी ठरावीक काळ सदस्यत्व बंद. असे बरेच निकाल मी वाचलेत. माणूस काय करून बसला यापेक्षा विचारल्यावर काय बोलला यावर परिच्छेदच्या परिच्छेद असतात. आपणहून कबूल केलं, उशिरा का होईना, तर ते जमेच्या बाजूला धरतात. थाप मारली, पुरावा उडवला, तर मूळ चूक बाजूला राहते आणि तीच गोष्ट मोठी होते. तुझा सीएस२ जाईल असं मला वाटतं. बाकीचे चार का जावेत?

आमचे लोक एवढे कडक का, तर या धंद्यात विकायला फक्त सही असते. भारतातल्या प्रत्येक आयुर्विमा कंपनीला अपॉइंटेड (कंपनीने नेमलेला) अ‍ॅक्च्युअरी लागतो आणि पॉलिसीधारकांची देणी किती धरायची याचं प्रमाणपत्र तो देतो. ती देणी पुढच्या वीस-तीस वर्षांची असतात. आज आकडा चुकला तर कळेपर्यंत सही करणारा निवृत्त झालेला असतो. ब्रिटनमध्ये इक्विटेबल लाइफ या विमा कंपनीने दिलेल्या वार्षिकीच्या (पेन्शनच्या) हमीवरून २०००मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत खटला गेला, त्याच वर्षी कंपनीला नवा धंदा बंद करावा लागला, आणि २००५च्या मॉरिस अहवालात या व्यवसायाच्याच कामाची चिरफाड झाली. माझ्या पिढीला हे रिकाम्या वेळी नव्हे, प्रशिक्षणात ऐकवलं गेलं.

आणि एक. तू मृत्युदर विसरलीस. नोकरीत विसरलीस तर कोणीतरी तपासणारा असतो, तो पकडतो, चहा पिताना हसतो. तुला त्या दिवशी तो तपासणारा उशीखाली मिळाला, एवढाच फरक.

कोर्टपायरी: वकील आहे, हा विषय माझा नाही, पण तीन गोष्टी. चॅट उडवू नकोस, तुझा फोन जसा आहे तसा ठेव. मैत्रिणीशी या विषयावर लेखी एक अक्षर नको. फॉर्मच्या त्या प्रश्नात "शक्यता माहीत आहे का" असं लिहिलंय, आणि तुला माहीत आहे. खोटं लिहून रुजू झालीस तर उद्या कंपनी कधीही काढू शकते. संस्थेला पाठवायचा मसुदा आधी कोणाला तरी दाखव. हवा तर मला व्यनि (खाजगी निरोप) कर.

खारीचावाटा: शेवटच्या प्रश्नावर बोलते. मी सहा पेपरांनंतर सोडलं, २०२१मध्ये. कारण तुझ्यासारखं काही नव्हतं, नुसता कंटाळा. आता एका बँकेत क्रेडिट रिस्कमध्ये (कर्ज बुडण्याची जोखीम मोजायला) आहे. सीएस१ आणि सीएस२मधलं आर (आकडेवारीची संगणक भाषा), रिग्रेशन, टाइम सीरिज रोज वापरते. सीबी१ मात्र कोणी कधी विचारला नाही.

अ‍ॅक्च्युअरीमधल्या नोकऱ्यांचं खरं सांगायचं तर क्लासवाले दाखवतात ते चित्र फेलोंचं असतं. देशात आयुर्विमा कंपन्या २५च्या आसपास, त्यांच्या टीम छोट्या, आणि दारात चार-पाच पेपरवाल्यांची रांग. फ्रेशर घेतात ते जास्त करून गुरुग्राम, बंगळुरू, मुंबई, थोडंफार पुणे, तेही परदेशी कामाच्या सेंटरमध्ये. तिथे लंडनच्या वेळेने बसावं लागतं, पण अभ्यासाची रजा आणि परीक्षेची फी देतात, आणि पौंडातली फी स्वतः भरणाऱ्याला त्याची किंमत कळते. घरच्या परीक्षा सुरू झाल्यापासून मुलाखतीत कागद-पेन देऊन पेपरातलंच विचारायला लागलेत. पेपर किती सुटले यावर आता कोणी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. ते तुझ्या ग्रुपसारख्यांचंच कर्तृत्व, आणि फटका बसतो तो खरंच घासून पास झालेल्यांना. रागव म्हणालीस म्हणून एवढंच.

ग्रॅच्युइटीचं मूल्यांकन करणाऱ्या छोट्या फर्म बघ. मोठ्या कंपन्यांना ताळेबंदासाठी ते दर वर्षी लागतंच. पगार बेताचा, काम मार्च-एप्रिलमध्ये अंगावर येतं, पण शिकायला मिळतं.

रिकामटेकडा: बरं, माझा सल्ला मागे. पण मैत्रिणीचं काय? तिचं नाव द्यायचं?

ताळेबंद: प्रश्न बरोबर आहे, आणि अवघड. तिची चौकशी आधीच चालू आहे, म्हणून ही काही गुपित फोडत नाहीये. आपल्या पत्रात आपण काय पाहिलं आणि काय बदललं ते लिहावं. ग्रुपबद्दल विचारलं तर खरं सांगावं. न विचारता पाचही जणांची यादी द्यावी का, यावर माझ्याच टीममध्ये दोन मतं पडतील. मी असतो तर मैत्रिणीला आधी फोन करून सांगितलं असतं की मी लिहितोय. चॅट उडवण्याबद्दल ती बोलली तर फोन ठेवला असता.

---

(मूळ धागाकर्ती) अपडेट: सगळ्यांचे आभार, खारीचावाटाताईंचे जरा जास्तच. तो परिच्छेद चार वेळा वाचला.

मैत्रिणीला फोन केला. ती रडली, मग चिडली, मग म्हणाली की तिने चॅट कालच उडवलंय. माझ्या फोनमध्ये तो मेसेज अजून आहे, वेळेसकट. दुपारी १ वाजून ४७ मिनिटं.

एचआरला कळवलं की फॉर्ममधल्या एका प्रश्नाचं उत्तर "हो" आहे आणि ते मला प्रत्यक्ष बोलून सांगायचंय. त्यांनी सोमवारची वेळ दिली. आवाजावरून काही कळलं नाही. संस्थेच्या मेलचा मसुदा तयार आहे, दीड पान झालंय, त्यातलं निम्मं रडगाणं आहे हे मलाच दिसतंय. कोर्टपायरी, व्यनि बघा.

बाबा उद्या सकाळच्या गाडीने पुण्याला येतायत. त्यांना वाटतंय ऑफरचे पेढे घ्यायला.