फोटो कोणताही असो, बेस६४ मध्ये तीच आठ अक्षरं

काटेवाला_कळमना:
कळमन्याच्या एका धरमकाट्यावर संत्र्याचा ट्रक चढला की कॅमेरा जेपेग काढतो. तो वजनासोबत जेसनमध्ये (नुसता मजकूर चालणारा डेटाचा साचा) घालून सर्व्हरला पाठवायचा आहे. बेस६४ चं (कोणतेही बाइट साध्या अक्षरांत लिहिणारं) सी फंक्शन जुन्या प्रोजेक्टमधून उचललं, साध्या मजकुराला नीट चालतं. फोटो दिला की दरवेळी एवढंच: /९जे/४ए==. ट्रक बदलला तरी तेच. काहून होऊन राहिलं असं?

बर्डीचा_सीवाला:
भाऊ, कोड न बघता सांगतो, लांबी स्ट्रलेनने (शून्य बाइट येईपर्यंत मोजणारं सी फंक्शन) काढली असणार. तुझी जेपेग एफएफ डी८ एफएफ ई० ने सुरू होते आणि पाचवा बाइट शून्य. स्ट्रलेनसाठी स्ट्रिंग तिथेच संपली. त्याआधीच्या चार बाइटांची ती आठ अक्षरं. फाइल वाचणारं एफरीड जो आकडा परत देतो तोच लांबी म्हणून पाठव.

उत्तरावरून फंक्शन बाकी बरं दिसतं, बाइट अनसाइन्ड (उणे नसलेला आकडा) धरतं. साध्या ‘चार’ प्रकाराने (तो बहुधा उणे आकडेही धरतो) एफएफचा उणे एक झाला असता आणि टेबलाबाहेरचं काहीतरी वाचलं असतं.

उत्तरासाठी मेमरी मागणारा मॅलॉक ४ * ((न + २) / ३) + १ चा कर, न म्हणजे फोटोचे बाइट. तो शेवटचा एक स्ट्रिंग संपवणाऱ्या शून्यासाठी आहे, खाऊ नको.

काटेवाला_कळमना:
चाललं! पण माझ्या लिनक्सवर. काट्यावरच्या विंडोजवर फोटो तुटून येऊन राहिले. कोणात नुसतं आभाळ, कोणात अर्धा ट्रक.

बर्डीचा_सीवाला:
फाइल उघडणाऱ्या एफओपनमध्ये ‘आर’ (टेक्स्ट मोड) आहे ना? ‘आरबी’ (बायनरी मोड) कर. विंडोजच्या टेक्स्ट मोडला १ए बाइट भेटला की फाइल संपली वाटते, ही डॉसच्या जमान्यातली खोड. वर ओळ संपवणाऱ्या ०डी ०ए जोडीतला ०डी गिळतो तो वेगळाच. लिनक्सला दोन्ही मोड सारखे, म्हणून तुझ्याकडे दिसलं नाही. डीकोड करून लिहिणारं मशीनही विंडोज असेल तर तिथे ‘डब्ल्यूबी’, नाहीतर प्रत्येक ०ए च्या आधी फुकटचा ०डी घुसेल.

हिंगणा_फर्मवेअर:
हेक्स (दर बाइटाला दोन अक्षरं) करा ना सरळ. डोळ्यांनी वाचता येतं.

बर्डीचा_सीवाला:
ट्रकचा फोटो हेक्समध्ये कोण वाचतं बाप्पा? ३०० केबीचे ६०० होतील, बेस६४ मध्ये ४००. सिरियल पोर्टवर काट्याची छोटी फ्रेम तपासायला हेक्स मीही वापरतो. सर्व्हरवाला मल्टिपार्टला (फाइल वेगळा भाग म्हणून पाठवणं) तयार असेल तर दोन्ही नको, बाइट जसेच्या तसे जातात.

काटेवाला_कळमना:
तो जेसनशिवाय ऐकत नाही. ‘आरबी’ केलं, आता नंबर प्लेटसकट पूर्ण ट्रक येतो.