जुना प्रिंटर, नवा कॉम्प्युटर: तुमचे अनुभव लिहा

शेवंती
१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले आणि आमच्याकडे नवा लॅपटॉप आला. जुना लेझर प्रिंटर धडधाकट आहे, टोनर भरला की अजून खणखणीत छापतो. नव्या लॅपटॉपला मात्र त्याची ओळखच पटत नाही. ‘नवा घेऊन टाका’ हा सल्ला सोडून काहीही चालेल. कोणी काय खटपट केली, सविस्तर लिहा.

खतावणी
मी तालुक्याच्या पतसंस्थेत आहे. सॉफ्टवेअर डॉस या विंडोजआधीच्या सिस्टिमवर चालणाऱ्या फॉक्सप्रो डेटाबेसमधलं, प्रिंटर एप्सन एलएक्स-३००, रिबनवर पिना ठोकून छापणारा डॉट मॅट्रिक्स, पॅरलल पोर्टचा. नव्या मशीनला ते २५ पिनांचं रुंद पोर्टच नाही. यूएसबी-टू-पॅरलल केबल आणली. नोटपॅडमधून छपाई व्हायची, सॉफ्टवेअरमधून ढिम्म! डॉसचा प्रोग्रॅम थेट एलपीटी१ कडे, म्हणजे पहिल्या पॅरलल पोर्टकडे, मजकूर सोडतो आणि ही केबल विंडोजमध्ये यूएसबी००१ असं वेगळंच पोर्ट तयार करते. त्यामुळे दोघांची गाठच पडत नाही.

आधीच्या ३२ बिट विंडोजवर यावर सोपी युक्ती होती. प्रिंटर शेअर करायचा, शेअरचं नाव आखूड आणि मध्ये जागा न सोडता ठेवायचं, मग ‘नेट यूज’ कमांडने एलपीटी१ त्या शेअरला जोडून द्यायचं. आताच्या ६४ बिट विंडोजवर मात्र डॉसचे प्रोग्रॅम उघडतच नाहीत. आता फॉक्सप्रो व्हीडॉसमध्ये, म्हणजे नव्या विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवतो आणि एलपीटी१ म्हणजे कुठला प्रिंटर ते त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवलंय.

साहेब म्हणतात, लेझर घेऊन टाकू. पण पावतीच्या तीन प्रती कार्बनवर एका ठोक्यात निघतात, त्या लेझर कशा काढणार?

टोनरवाला
मुंबईत लॅमिंग्टन रोडला प्रिंटर दुरुस्तीचं काम करतो. माझा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न: प्रिंटरची अक्कल स्वतःची की उसनी? पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या पान कसं छापायचं ते सांगणाऱ्या भाषा समजणारा असेल तर काळजी नको. लेझरजेट ४ हे १९९२ चं मॉडेल, पण पीसीएल ५ चा कुठलाही साधा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर) लावला तरी पान बाहेर येतं.

घरगुती स्वस्त लेझर बहुतेक ‘होस्ट बेस्ड’ असतात. पानाची सगळी आखणी कॉम्प्युटरने करायची, यांनी फक्त ठिपके उमटवायचे. एचपी १०२० तर फर्मवेअर, म्हणजे मशीन चालवणारं आतलं सॉफ्टवेअरसुद्धा जवळ बाळगत नाही, चालू करायचं बटण दाबलं की दरवेळी कॉम्प्युटरने ते पाठवायचं. मशीन ठणठणीत असलं तरी यांचं आयुष्य ड्रायव्हरइतकंच. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटवर बसत नाही आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. शेवंतीताई, मॉडेल कुठलं ते तर सांगा.

शेवंती
कॅनन एलबीपी २९००.

टोनरवाला
अहो, मग एवढी चिंता कसली! हा होस्ट बेस्डच आहे, पण याचा ६४ बिट ड्रायव्हर कॅननच्या साइटवर मिळतो. विंडोज १० साठीचा उतरवा, माझ्या गिऱ्हाइकांकडे ११ वर चालतोय. केबल मात्र आधी लावू नका, सेटअप सांगेल तेव्हाच लावा. नाहीतर विंडोज भलतंच काहीतरी बसवून मोकळं होतं.

एडिसनकर
आमच्याकडे न्यू जर्सीत तोच एचपी १०२० आहे. मी लॅपटॉपचा नाद सोडला आणि प्रिंटर रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या लिनक्स कॉम्प्युटरला जोडला. त्यावर कप्स हे छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर आणि अशा प्रिंटरसाठीचा फू२झेडजेएस ड्रायव्हर टाकला. फर्मवेअर पाठवण्याचं काम आता तोच करतो आणि प्रिंटर घरच्या वायफायवर दिसतो. पोरांच्या आयफोनवरूनही प्रिंट निघते, फोनवर काहीही न टाकता.

शेवंतीताई, हा मार्ग धरणार असाल तर एक लक्षात घ्या. कॅननचा लिनक्स ड्रायव्हर इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी आहे, पायच्या एआरएम चिपवर तो चालणार नाही. २९०० साठी कॅप्टड्रायव्हर नावाचा मुक्तस्रोत पर्याय आहे, पण तो स्वतः कंपाइल करावा, म्हणजे मूळ कोडपासून तयार करून घ्यावा लागतो. हौस असेल तरच यात पडा.

म्हापशेकार
माझं स्टेशनरीचं दुकान आहे. बिलाला ९ पिनांचा डॉट मॅट्रिक्स, ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हरवर इंग्रजी बिलं सुसाट निघतात. गिऱ्हाइकाचं नाव देवनागरीत टाकलं की नुसती प्रश्नचिन्हं!

खतावणी
त्या ड्रायव्हरकडून प्रिंटरच्या पोटातलीच अक्षरं छापली जातात, आणि तिथे देवनागरी नाही. एप्सनचा ९ पिनवाला ड्रायव्हर लावा, बहुतेक डॉट मॅट्रिक्स एप्सनची भाषा जाणतात. मग अक्षर चित्र म्हणून छापलं जातं. वेग पडतो आणि आवाज वाढतो, तेवढं सोसा.

शेवंती
टोनरवाला, तुमच्या पद्धतीने केलं, चाचणीचं पान आलं! आता माळ्यावरचा स्कॅनर काढू का? त्याचा ड्रायव्हर व्हिस्टापर्यंतच आहे.

एडिसनकर
व्ह्यूस्कॅन हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर वापरून बघा, त्यात शेकडो जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर त्यांनी स्वतःच लिहिलेत. पैसे पडतात, पण आधी फुकट चालवून बघता येतं. स्कॅनवर वॉटरमार्क येतो, तेवढंच.